पोळ्याच्या अमावास्येचा हप्ता

ट्रक मी घेतला तो जेठ महिन्यात. तिथेच माझी अक्कल शेण खायला गेली होती, पण हे कळायला पोळा उजाडावा लागला.

आज म्हातारा झालो तरी त्या सेठचा चेहरा आठवला की कानशिलं तापतात. कारंज्यात त्याची पेढी होती. लढाई संपल्यावर सरकारने विकून टाकलेले मिलिटरीचे ट्रक तो घ्यायचा, वरून रंग मारायचा आणि माझ्यासारख्या ड्रायव्हरांना हप्त्याने द्यायचा. दुसऱ्याच्या गाड्या हाकून माझं कंबरडं मोडलं होतं. मला मालक व्हायचं होतं. साठवलेला पैसा आणि बायकोच्या पाटल्या मोडून आलेला पैसा, सगळा त्याच्या गादीवर नेऊन ओतला.

बोलणं तर काय, साखरेत घोळलेलं! "तू तो अपना आदमी है," म्हणाला. अट अशी की दर अमावास्येला, दिवे लागायच्या आत, हप्ता पेढीवर आला पाहिजे. लागोपाठ दोन चुकले की ट्रक त्याचा, भरलेलं सगळं पाण्यात. तोवर कागदावर मालक तोच. म्हणजे मी अजूनही ड्रायव्हरच, फरक इतकाच की पगार मी त्याला द्यायचा.

आता जेठात ट्रक घेणारा माणूस गाढव का, ते सांगतो. जेठ सरला की आमच्याकडच्या काळ्या मातीत चाक फिरत नाही. त्या काळी पक्की सडक ती केवढी, बाकी सगळ्या गाडवाटा. कापूस यायचा दिवाळीच्या सुमाराला. मधले महिने ट्रकने काय खायचं, वारा? कारंज्यातल्या शेंबड्या पोराला हे कळत होतं. सेठला तर चांगलंच कळत होतं. मला मात्र ट्रक स्वस्तात मिळतोय एवढंच दिसलं.

माझा बाप गाडीवान. खेड्यापाड्यांतला कापूस बैलगाडीत भरून कारंज्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, नेऊन टाकायचा. गावातल्या गाडीवानांत त्याचा शब्द चालायचा. ट्रक दारात आणून उभा केला तर आईने त्याला कुंकू लावलं, नारळ फोडला. बापाने हातसुद्धा लावला नाही.

"गाडीवानायच्या पोटावर पाय द्यायले आनला का हे धूड?" तो म्हणाला.

"जमाना बदलून राह्यला, बाबा."

"बदलू दे ना! पन चिखलात फसलं त बैल जोर तरी लावते. हे लोखंड काय करीन? पाहत राहीन नुसतं."

त्या दिवसापासून आमचं बोलणं तुटलं. एका घरात राहून आम्ही बापलेक आईमार्फत भांडायचो. "सांग तुह्या पोराले," आणि "सांग बाबाले." ती बिचारी दोघांच्या मध्ये चुलीपाशी बसून भाकरी थापायची आणि कुणालाच काही सांगायची नाही.

जेठाचा हप्ता मी भरला. आखाडात पाऊस असा बसला की ट्रक दारातून हलला नाही, हप्ता चुकला. उरली श्रावणाची अमावास्या, म्हणजे पोळा. तो हप्ता चुकला की ट्रक गेला, पाटल्या गेल्या आणि मी पुन्हा दुसऱ्याच्या स्टिअरिंगवर.

देवासारखा धावून आला कामरगावचा एक धान्याचा व्यापारी. सगळे त्याला चाचाच म्हणत. त्याला जुनी ज्वारी कारंज्याला पाठवायची होती. "माल उतरला की तिथेच भाडं घे, बेटा," म्हणाला. तेवढ्यात हप्ता भागत होता. चार दिवस उघाड पडली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी पोती भरून निघालो. धनज सोडल्यावर सडकेचा फेरा वाचवायला गाडवाट धरली. वरून माती सुकलेली, खालून नुसतं लोणी. आमच्याच गावच्या शिवेवर, नाल्याजवळच्या सखल जागेत, मागची चाकं बसली. इंजिनाला जोर दिला तसा ट्रक आणखी खाली गेला.

चिखलाने माखून घरी आलो तर बाप अंगणात बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळत होता. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर जुवाखाली सोललेला खांदा चोळायचा आणि बैलाला जेवणाचं बोलावणं करायचं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," बाप बैलाच्या कानाशी म्हणत होता. बैलाशी इतकं गोड! आणि पोटच्या पोराशी तीन महिने शब्द नाही! माझं टाळकंच सटकलं.

"बाबा, ट्रक फसला. जोडी द्या, आत्ताच काढून घेतो."

"लोनी लागलं खांद्याले. आता पोळा झाल्याबिगर जू नाही."

"उद्या दिवे लागायच्या आत हप्ता नाही देल्ला त ट्रक जाते माहा!"

"उद्या त बैल मुळीच नाही."

"बैल तुमचे पोरं, अन् मी कोन? रस्त्यावर सापडलो काय?"

तो लोण्याची वाटी घेऊन दुसऱ्या बैलाच्या खांद्याला लोणी लावू लागला. त्याची ती शांत बोटं पाहून मला वाटलं, ती वाटी उचलून भिंतीवर मारावी. आईने माझा हात धरला म्हणून वाचली वाटी.

सकाळी गावात दारोदार फिरलो. दुप्पट पैसे देतो म्हणालो. कुणी "बाप्पा, पोळ्याच्या दिवशी?" म्हणून कानाला हात लावला, तर कुणी गाडीवान गालातल्या गालात हसला. ज्यांची भाडी माझ्या ट्रकने खाल्ली असती, त्यांच्याच दारात मी हात पसरून उभा होतो. परत ट्रकापाशी आलो तर तिथे सेठचा मुनीम हजर! सडकेवर टांगा सोडून, ट्रकचा ठिकाणा विचारत, धोतर वर धरून, सोबत एक ड्रायव्हर घेऊन आला होता.

"अजून दिवे लागले नाहीत," मी म्हणालो.

"लागतीन ना. तवरक बसतो," मुनीम म्हणाला आणि बाभळीखाली रुमाल पसरून बसला. पानाची पिंक टाकली. "पोळ्याले हा ट्रक मी दरसाल नेतो. मांगच्या साली दारव्ह्याच्या एका पोट्ट्याजवळून नेला, त्याच्या आदी मानोऱ्याच्या. दिवाळीपासून सेठ त्याच्यावर कापूस वाहते अन् जेठात पुन्हा इकते. तुमी काहून घेता बे जेठात?"

त्याला वाटलं, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. मी त्याची गचांडी धरली. दारव्ह्याच्या पोराच्या बायकोच्याही पाटल्या असतील. त्यानेही या बोनेटला नारळ फोडला असेल. हरामखोरांनो, एकच ट्रक किती जणांना विकाल? त्या दिवशी मी त्याचा गळा दाबला असता, खोटं कशाला बोलू!

"सोड त्याले," मागून आवाज आला. "हात कामाले ठेव."

बाप उभा होता. खांद्यावर गाडीचा जाड दोर आणि पाठीमागे गावातले गाडीवान. सकाळी हसणारेही होते त्यात.

"अन् बैल?" मुनिमाने गळा चोळत विचारलं.

"बैलाले सुट्टी हाय आज," बाप म्हणाला. "आमाले कोनं देल्ली?"

त्यांनी आधी सगळी पोती पाठीवर वाहून कोरड्यात नेली. चाकांखाली बाभळीच्या फांद्या घातल्या. पुढच्या बाजूला दोर बांधले आणि माणसं दोन रांगांत उभी राहिली. बाप सगळ्यांत पुढे. मला म्हणाला, "तू आत बस." मला आत बसायचं नव्हतं, पण स्टिअरिंग दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. मी वर गादीवर, आणि काचेतून समोर बापाची वाकलेली पाठ. जन्मभर बैलामागे चाललेला माणूस बैलाच्या जागी उभा होता. त्याचाही मला रागच आला. काल का नाही, हा एकच प्रश्न डोक्यात घण घालत होता.

तीनदा दोर ताणला, तीनदा ट्रक मागे बसला. चौथ्यांदा चाकांनी फांद्या पकडल्या आणि चिखल असा उडाला की मुनिमाचं पांढरंशुभ्र धोतर काळं झालं. गाडीवान खो-खो हसले. पुन्हा पोती चढली. तोवर गावात बैल तोरणाखाली उभे राहायची वेळ होत आली होती. दरसाल पुढे उभी राहणारी बापाची जोडी त्या वर्षी काकाने नेली.

कारंज्यात माल उतरवला, भाडं घेतलं आणि थेट पेढी गाठली. दिवे लागायचे होते. मला पाहून सेठचा चेहरा पडला, पण जीभ तीच. "अरे, सणाच्या दिवशी कशाला त्रास घेतला?"

"दारव्ह्याच्या पोराले इचारा कशाले ते," मी म्हणालो आणि पावती घेतल्याशिवाय उंबरठा सोडला नाही. दिवाळीपासून कापसाची भाडी मिळाली, आणि पुढचा जेठ यायच्या आत ट्रकचा कागद माझ्या नावावर झाला.

पण त्या रात्री घरी आलो तेव्हा बाप ओसरीवर उघड्या अंगाने बसला होता. आई त्याच्या खांद्याला लोणी-हळद लावत होती, कालच्याच वाटीतलं. वाटी मी तिच्या हातातून घेतली. डाव्या खांद्याची साल निघाली होती, खालचं मांस दिसत होतं. माझा राग अजून उतरला नव्हता.

"काल जोडी देल्ली असती त एका झटक्यात निंगाला असता," मी म्हणालो. "खांदे कायले सोलून घेतले?"

"जोडी नसतीच देल्ली."

"मंग आज काहून आले?"

बापाने मान वळवली नाही.

"काल तुनं बैल मांगतले," तो म्हणाला. "बाप कुठी मांगतला?"