संत्र्यांच्या जिल्ह्याची बढाई

माझा मुलगा अमेरिकेत ज्या जिल्ह्यात राहतो, त्याचं नाव ऑरेंज काउंटी. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच समजा. रियाधच्या आमच्या इमारतीत हे मी कोणाला सांगितलं नव्हतं असं नाही. आपल्या रायगड जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी जागा, पण माणसं रायगडापेक्षा जास्त. एका बाजूला समुद्र, गावाला गाव लागलेलं, आणि जिल्ह्याला नाव चक्क संत्र्याचं.

समोरच्या खोल्यांत राहणारी शेजारीण आमच्या रत्नागिरीकडचीच. मला खाला, म्हणजे मावशी म्हणायची, आणि तिला हे ऐकायला फार आवडायचं. म्हणायची, "खाला, आपल्याकडे हापूस जिल्हा असं नाव कोणी ठेवलं नाही ते." मग आम्ही दोघी हसायचो.

तिचा नवरा मोबाइलच्या दुकानात होता. त्या दुकानांत आता फक्त सौदी माणसंच कामाला, असा हुकूम निघाला आणि त्याचं काम गेलं. दुसरा कफील, म्हणजे कामावर ठेवून इथे राहू देणारा मालक, मिळाला नाही तर बाडबिस्तरा आवरून गावी जायचं. तेव्हा तिने मला विचारलं, तुमचा मुलगा माझ्या नवऱ्याला तिकडे बोलवून घेईल का? आता शेजारणीला तोंडावर नाही कसं म्हणायचं? आपल्यात तशी रीतच नाही. मी म्हटलं, बोलते त्याच्याशी, इन्शाल्लाह. आणि बोललेच नाही. आज बोलू, उद्या बोलू करत राहिले. खरं सांगायचं तर उत्तर मला ठाऊक होतं.

शेवटी तिनेच दोनदा आठवण करून दिली, तेव्हा फोन लावला. मुलगा म्हणाला, "अम्मी, असं कोणाला बोलावता येत नाही. मीच इथे तिघांबरोबर एका घरात राहतो." मी आपलं उगाच विचारलं, संत्र्यांच्या बागा तरी आहेत ना रे? तो हसला. म्हणाला, बागा केव्हाच गेल्या, आता घरंच घरं. आणि ते नावसुद्धा म्हणे लोकांनी भुलून यावं, जमिनी घ्याव्यात म्हणून ठेवलेलं. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडे गेले. नवरा घरातच बसलेला. मी सरळ सांगून टाकलं, की होणार नाही, आणि हे मी आधीच सांगायला हवं होतं.

ती म्हणाली, "खाला, इथेच अल सुलै भागातल्या गोदामात ह्यांना काम मिळत होतं. पगार कमी होता. मीच म्हटलं, नको, खालाचा मुलगा बोलावतोय."

मला तर हे माहीतच नव्हतं. तिच्या नवऱ्याने लगेच तिथे फोन लावला. हिंदीत बोलला, मग ऐकत राहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने फोन खाली ठेवला आणि बायकोला एवढंच म्हणाला, "खलास. दुसरा घेतला त्यांनी."

मला वाटलं, आता ही मला दोन शब्द सुनावेल. सुनावले असते तर बरं झालं असतं. ती उठली, आत जाऊन चहा टाकला, आणि पहिला कप माझ्याच हातात दिला. साखर नेहमीसारखी, मला लागते तेवढीच.