तीन रोवण्यांचा शब्द

आमच्या गावाची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, दिवाळीनंतर भरते. सानगडीच्या अलीकडचं आमचं गाव लहानच, पण त्या दिवशी लेकीजावयांची एवढी गर्दी होते की अंगणात पाय ठेवायला जागा उरत नाही. रात्री नाटक. मंडळ गावाचं, नाटक कंपनी बाहेरची, तिकीट सगळ्यांना. खर्च जाऊन जे उरतं ते आजवर देवळाला जायचं. एका वर्षी फरशी, एका वर्षी भोंगा, पुढच्या वर्षी तोच भोंगा बिघडला म्हणून दुसरा. मंडळाचे अध्यक्ष आमचे घरवाले. त्यामुळे हे सगळे निर्णय माझ्याच ओसरीवर, माझाच चहा पिऊन व्हायचे, आणि मला मात्र कोणी विचारायचं नाही.

मग एका वर्षी भाताच्या रोवणीत ती गोष्ट घडली. रोवणाऱ्या बाया मागे मागे सरकत जातात, नजर हातातल्या रोपावर असते. शेजारची सून माझ्या बाजूलाच होती. वर्षाची पोरगी तिनं शेताच्या कडेला धुऱ्यावर छत्रीखाली निजवलेली. पोरगी कधी उठली, कधी रांगली, कोणालाच दिसलं नाही. मी कंबर सरळ करायला उभी राहिले, तर खाली बांधीत, खाचराच्या चिखलात ती पालथी पडलेली. मी धावले, उचललं, पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठं ती रडली. तिची आई चिखलातच बसली. थोड्या वेळानं उठली आणि पोरीला पाठीशी बांधून पुन्हा रोवायला लागली. करणार काय? घरी सासू अंथरुणावर, नवरा नागपूरला बांधकामावर, अंगणवाडीत एवढी लहान पोरं घेत नाहीत, आणि रोवणी कोणासाठी थांबत नाही.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. राग कोणाचा आला होता ते सांगता येत नाही, पण आला होता खरा.

त्या दिवाळीला मी मंडळाला म्हटलं, यंदा घरोघरी तिकिटं आम्ही बाया विकतो, पण उरलेल्या पैशाचं काय करायचं ते आम्हीच ठरवू. पुरुष हसले आणि हो म्हणाले. बाया किती विकतील, असा त्यांचा हिशोब. त्यांना माहीत नव्हतं की प्रत्येक बाईला एक माहेर असतं, बहिणी असतात, बहिणींच्या नणंदा असतात. नाटकाला मागे उभं राहायला जागा नव्हती. दिलेला शब्द मंडळींना पाळावा लागला.

आता हे पैसे द्यायचे कोणाला? पोरगी उजवताना आपण मध्यस्थाच्या भरवशावर राहतो काय? स्थळाच्या शेजाऱ्याला विचारतो, नळावरच्या बायांना विचारतो. माझं म्हणणं, दान करतानाही तसंच करायचं. पैसा घामाचा असला तर तो कोणाच्या घरी नांदायला चालला, ते पाहून घ्यावं. आम्ही तिघी निघालो. मी, शेजारची ती सून, आणि आमच्या गावच्या अंगणवाडीतल्या बाई.

आधी भंडाऱ्याला गेलो. तिथल्या एका मोठ्या संस्थेला येतो म्हणून कळवलं होतं. त्यांनी शाल दिली, नारळ दिला, काजूची बर्फी दिली. भिंतभर फोटो. एका फोटोत ओळीनं शिलाई मशिनी आणि मागे ओळीनं बाया. मी साहेबांना विचारलं, या मशिनी आता कोणाच्या घरी आहेत? चालतात काय? साहेब म्हणाले, वाटपाचे सगळे फोटो आमच्याकडे आहेत, ताई.

"फोटोतली मशीन कपडे शिवते काय, साहेब?" मी म्हटलं.

अंगणवाडीच्या बाईंनी माझा पदर ओढला. साहेब वाईट नव्हते, चांगलेच होते बिचारे. पण मशीन दिल्यावर तिकडे पुन्हा कोणी फिरकलं नव्हतं, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. नारळ घेऊन आम्ही परत आलो. त्याची चटणी केली, झालं.

दुसरं ठिकाण साकोलीच्या पलीकडे. तिथं एक छोटी संस्था रोवणी-कापणीच्या दिवसांत पाळणाघर चालवते, असं ऐकलं होतं. तिथं मात्र न कळवता गेलो. सांगून गेलं की घर झाडलेलंच दिसतं. कापणी सुरूच होती. दारात एक उंच बाई आडवी आली. या बसा नाही, पाणी नाही. "पोरं निजली आहेत. पाय धुवा, नाहीतर बाहेर थांबा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही एवढ्या दुरून, पैसे द्यायला आलेल्या! पण पाय धुतले. आत पोरं गोधड्यांवर निजलेली, दाराला आडवी फळी, पाण्याचा हंडा उंचावर. कोपऱ्यात खिचडीचं झाकलेलं भांडं. शेजारच्या सुनेनं कोणाला न विचारता झाकण उघडून पाहिलं. मग खाली बसून एकेका पोराच्या तोंडाकडे बघत राहिली.

तिथून आम्ही सरळ शेतावर गेलो, पोरांच्या आयांकडे. एक कापणीवाली त्या उंच बाईच्या नावानं बोटं मोडायला लागली. लय कडक आहे, उशीर झाला का बोलते, पोट्ट्याले ताप होता तं घेतलंच नाही.

मी विचारलं, "मंग तिच्यापाशी पोट्टं ठेवतेस काहून?"

"मंग कोठं ठेवू?" ती म्हणाली. "तिच्याजवळ असलं का माह्यं मन कामात लागते."

मला तेवढं पुरे झालं. परत जाऊन मी त्या उंच बाईला म्हटलं, आमच्या गावात असंच पाळणाघर काढा, पैसे आम्ही देतो. ती म्हणाली, किती वर्षांचे? मी म्हटलं, यंदाचे आहेत.

"मग नका देऊ," ती म्हणाली. "एक रोवणी चालवायची आणि पुढच्या रोवणीला कुलूप लावायचं, हे आमच्याकडून होणार नाही. आया आमच्या भरवशावर काम धरतात. तीन वर्षांचा शब्द द्या. आणि तुमच्याच गावच्या दोन बाया द्या, त्यांना मी शिकवीन."

पैसे नको म्हणणारी संस्था मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. बसमध्ये मी तिला यथेच्छ शिव्या दिल्या. पण साकोली येईपर्यंत कळलं होतं की बोलली ती खरंच. शेजारच्या सुनेनं मात्र वाटभर एकच विचारलं, "काकू, तीन वर्षं देतीन काय आपल्या गावचे?"

अडचण तीच होती. आमच्या हाती एका वर्षाचा शब्द होता. पुढच्या दोन नाटकांचा निर्णय मंडळाचा, आणि मंडळाला हवी होती कमान. शेजारच्या गावानं वेशीवर सिमेंटची कमान बांधली होती, तेव्हापासून आमच्या घरवाल्यांची झोप उडालेली. देवळापुढे सभा बसली. घरी मी त्यांना अहो म्हणते, सभेत अध्यक्ष महाशय म्हटलं. लोक हसले, ते नाही हसले.

"जावई लोक येतात, त्यायले गाव कोठून सुरू होते तेच समजत नाही," ते म्हणाले. "गावाची काही इज्जत आहे का नाही?"

मी तोंड उघडणार तोच शेजारची सून उभी राहिली. आजवर ती सभेत बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर घट्ट धरून ती म्हणाली, "माही पोरगी बांधीत पडली तवा काकू जवळ होती. येत्या रोवणीत काकू दुसऱ्याच्या वावरात असली तं मी काय करू, तेवढं सांगा."

 अध्यक्ष महाशय जमिनीकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "तीन वर्षं देऊ. त्याच्यानंतर कमान." आणि उठून गेले. घरी दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मीही मनवायला गेले नाही.

पुढच्या रोवणीला समाजमंदिरात पाळणाघर सुरू झालं. आमच्याच दोन बाया, त्याही आता त्या उंच बाईसारख्या दारात आडव्या येतात. शेजारची सून रोवताना गाणं म्हणू लागली. तिला गळा आहे, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या वर्षी मंडईच्या दिवशीच अवकाळी पाऊस आला. वावरात कापून ठेवलेले धानाचे कडपे भिजले, पाहुणे आलेच नाहीत, नाटक रिकाम्या खुर्च्यांपुढे झालं. उरलं काहीच नाही. कंपनीचे पैसे कसेबसे दिले. मी चुलीपुढे बसून राहिले. तीन वर्षांचा शब्द दिला होता, आणि दुसऱ्याच वर्षी तो मोडणार होता. शेजारची सून दोनदा दाराशी येऊन गेली. 

सकाळी घरवाले दिसेनात. दुपारी आमची बैलबंडी दारात आली. त्यात धान. पायली-पायलीनं जमवलेलं, कोणाचं कोरडं, कोणाचं अजून ओलसर. घरोघरी जाऊन या माणसानं पाळणाघरासाठी स्वतः मागितलं होतं. ज्यांचे कडपे भिजले त्यांनीही दिलं होतं. या गावात मी नांदायला आले, याचा मला त्या वेळी जेवढा अभिमान वाटला तेवढा पूर्वी कधी वाटला नव्हता. आणि या माणसाच्या घरात आले, याचाही.

"कमानीसाठी कधी असे दारोदार फिरला नाहीत तुम्ही," मी म्हटलं.

त्यांनी बैल सोडले, पाणी दाखवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कमान कोठं पळून जाऊन राहिली? पोट्टे मोठे होऊन जातीन."