साडूचा मोगरा

फुलांच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. गिऱ्हाईक हार घेऊन जातं आणि किस्सा ठेवून जातं. परभणीच्या स्टँडजवळच्या आमच्या लाईनीत इतकी वर्षं काढल्यावर माझ्याकडं हारांपेक्षा किस्से जास्त झालेत. पण अलीकडं एक गोष्ट लक्षात यायला लागली. मी किस्सा कुठूनही सुरू केला तरी तो शेवटी माझ्या साडूवर जाऊन पोचतो.

बायको म्हणते, "तुमाला त्यांचं बघवत न्हाई. जळताव तुमी."

मी म्हणतो, जळत नाही. नुसता धूर निघतो.

साडूचं नाव दिगंबर. माझी मंगल आणि त्याची शोभा सख्ख्या बहिणी. मी थोरला जावई, तो धाकटा. विम्याची एजंटगिरी सोडून त्यानं चुडाव्याच्या वावरात फुलं लावली, आणि ती इकायला गाळा घेतला तो नेमका माझ्या दुकानासमोर! माझा माल रातच्या ट्रॅव्हल्सनं खोक्यात येतो. पुण्याचा जरबेरा, बेंगळुरूचा गुलाब, ऑर्किड तर कुठल्या कुठून. त्याची फुलं सकाळच्या पॅसेंजरनं येतात, ओल्या फडक्यात.

त्यानं पाटी लावली, 'इथलं फूल, आत्ताचं फूल'. खाली बारीक अक्षरात, 'बाहेरगावचा माल मिळणार नाही'. ही दुकानाची पाटी आहे की लग्नाची अट, हेच मला कळेना. पण पेपरवाले येऊन त्याचा फोटो काढून गेले. फोटोत मागं माझं दुकान आलं होतं, तेही अर्धंच.

याचंही मी मनाला लावून घेतलं नसतं. माझं दुखणं वेगळंच आहे. मानवतला आमच्या सासूबाई असतात. मी थोरला जावई, पहिल्या दिवाळसणापासून त्यांच्याकडं फुलं नेतो. त्या म्हणतात, "कशाला आणलं?" आणि फ्रीजवर ठेवतात. दिगंबरनं पहिल्यांदा चार झेंडू नेले तर ते थेट देवघरात! मला आता आयुष्यात फार काही नको. सासूबाईंनी एकदा, फक्त एकदा, चारचौघांत माझ्या फुलाला चांगलं म्हणावं.

*

पाटी नवीन होती तेव्हाची गोष्ट. ऐन पावसाळ्यात एक जण त्याच्याकडं पांढरी शेवंती मागायला आला. लग्नाचा वाढदिवस होता, आणि बायकोला शेवंती आवडायची.

दिगंबर म्हणाला, "शेवंती थंडीत येती. थंडीत या."

"आवो, मग तवर लग्नाचा वाढदिवस थांबवू का?"

"वाढदिवस करून घ्या. शेवंतीला थांबा."

मी इकडं गल्ल्यावर सरसावून बसलो. माझ्याकडं शेवंती होती. बादलीभर होती. गिऱ्हाईक आता रस्ता ओलांडणार म्हणून मी तिच्यावर पाणीसुद्धा मारून ठेवलं.

गिऱ्हाईकानं निशिगंधाच्या काड्या घेतल्या. मग रस्ता ओलांडून माझ्याकडं आलं, ते मला सांगायला, "काय तत्त्वाचा माणूस हाय हो! न्हाई म्हंजे न्हाई." जाताना माझ्या बादलीकडं बघून म्हणालं, "तुमच्याकडं काय, कवाबी सगळंच असतंय."

हे वाक्य मी घरी जाऊन पुष्कळ वेळा म्हणून बघितलं. कसंही म्हटलं तरी त्यात कौतुक निघेना. एवढी वर्षं मी गिऱ्हाईकाला 'आहे' म्हणत आलो आणि मान मिळाला तो समोरच्याच्या 'न्हाई'ला.

*

जिंतूरकडच्या एका शाळेत हेडमास्तर रिटायर झाले. निरोपाला दोन बुके होते. एक माझा, झिलई मारलेला कागद, फोम, लाल फीत, चमकी मारलेला जरबेरा. दुसरा दिगंबरचा. त्यात काय, तर ज्वारीची कणसं, करडईची फुलं आणि झेंडू, सुतळीनं बांधलेला. मी तर म्हटलं, हा काय बुके, ही तर पेंढी झाली.

आठ दिवसांनी ते गुरुजी मुद्दाम वाट वाकडी करून दुकानात आले. माझ्या शेजारी रशीदचाचांचं दुकान आहे. चाचा माझ्याकडूनही माल घेतात आणि दिगंबरकडूनही, दिवसभर हार ओवतात आणि दोघांचंही ऐकून घेतात. त्यांच्या देखतच गुरुजींनी सुरुवात केली.

"दोनी बुके वसरीत ठेवले होते. सकाळी बघतो तर गाय सुटलेली. त्यांचा बुके तिनं कणसासकट खाल्ला. सुतळी तेवढी ठेवली."

मला आतून बरं वाटलं. म्हटलं, "अन् माझा?"

"तुमचा हुंगला. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मग तोंड फिरवलं."

चाचांनी सुई थांबवली नाही. म्हणाले, "प्रभाकर, बुरा नक्को मान. गाय गरीब जानवर, उसको महंगी चीज की आदत नहीं."

गुरुजी हसत हसत रस्ता ओलांडून गेले आणि गायीसाठी म्हणून दिगंबरकडून शिळा झेंडू फुकट घेऊन आले.

*

मग मीही ठरवलं. जग लोकल मागतंय तर आपणही लोकल. एक पुठ्ठा घेतला, त्यावर 'लोकल' असं लिहिलं आणि जरबेऱ्याच्या बादलीत खोचला.

पहिलंच गिऱ्हाईक एक बाई. "कुठलं हाय हो फूल?"

तोंडात आलं ते बोलून गेलो, "चुडाव्याचं."

"आगं बया! माझं म्हायेर चुडावा. कुन्या वावरातलं?"

"ते… स्टेशनाच्या पल्याड."

"पल्याड तर दिगंबररावाचं वावर हाय. म्हंजे तुमी त्यांचंच फूल इकायलाव का?"

हो म्हटलं तर साडूचा नोकर ठरतो, नाही म्हटलं तर खोटारडा ठरतो. बाई माझ्यासाठी थांबल्या नाहीत. "मग त्यांच्याकडूनच घेते की," म्हणून समोर गेल्या. तिथं त्यांना जरबेरा नाही हे कळलं, तरी त्या गलांड्याची जुडी घेऊन गेल्या.

पुठ्ठा मी काढून टाकला. मागच्या बाजूला 'येथे थुंकू नये' लिहून परत लावला. तो अजून आहे आणि लोक ऐकतात.

*

घरातलंही सांगतो. मंगलच्या वाढदिवसाला मी गुलाबांचा आख्खा बॉक्स नेला. एकेक फूल जसं काही फोटोतलं. तिनं स्टीलच्या घागरीत पाणी भरून ते हॉलमध्ये ठेवले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवले. मी खूश. संध्याकाळी ती ओट्याकडं वळली तर अंबाड्यात अबोलीचा गजरा.

"हा कुठला?"

"शोभानं पाठवलाय. त्यांच्या वावरातला."

"अन् माझे गुलाब?"

"हायेत की. बघायला तुमचे, डोक्यात त्यांचे."

बायको खोटं बोलत नाही, हा तिचा मोठा दोष आहे.

*

एका पावसाळ्यात मात्र माझे दिवस आले होते. चुडाव्याकडं इतका पाऊस झाला की दिगंबरच्या वावरात तळं झालं. बाकी सगळं सडलं, उरला तो बांधावरचा तेरडा. मी रोज त्याच्या रिकाम्या बादल्या मोजून चहा पीत होतो, आणि चहा त्या आठवड्यात फार गोड लागत होता.

त्यानं काय करावं? सगळ्या बादल्यांत तेरडाच मांडला. गुलाबी, जांभळा, पांढरा. मला राहवलं नाही. रस्त्याच्या या काठावरून, लाईनीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "दिगंबरराव, तेरड्याचा रंग तीन दिवस हो!"

लाईन हसली. मीही हसलो. दिगंबर जुड्या बांधत बांधत म्हणाला, "दाजी, गौरी बी तीनच दिवस राहत्यात."

गौरी दुसऱ्या दिवशी बसणार होत्या, हे मी विसरलो होतो. दुपारपर्यंत त्याच्याकडं तेरड्याची काडी राहिली नाही. रशीदचाचांनी तर त्याचं वाक्य त्या दिवशी येईल त्या गिऱ्हाईकाला सांगितलं. माझं वाक्यही सांगितलं, पण ते फक्त त्याचं नीट कळावं म्हणून.

*

आता औंदाचं. अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. सासूबाईंनी दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला मानवतला बोलावलं. मंगल आणि शोभा मदतीला म्हणून आधीच गेल्या. आम्ही दोघांनी आपापलं मागून जायचं होतं.

उन्हाळ्यात दिगंबरकडं एकच फूल असतं, मोगरा. आणि सासूबाईंचा जीव मोगऱ्यावर. म्हणजे काय होणार ते मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. भाऊकीतल्या सगळ्या बाया जमलेल्या, तो मोगरा देणार, त्या देवघरात ठेवणार, आणि मी फ्रीजवर.

आदल्या दिवशी मी रशीदचाचांना गाठलं. "चाचा, उद्याच्या पॅसेंजरनं दिगंबरचा जेवढा मोगरा येईल तेवढा तुमच्या नावानं उचला, अन् मला द्या. एक कळी मागं राहायला नको."

चाचांनी चष्म्यावरून बघितलं. "मोगरा होना तेरेको, की बदला?"

"दोन्ही."

दिगंबरचा नियमच होता, फूल आहे तोवर मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. सकाळी चाचांनी सगळा मोगरा आणून दिला. दिगंबर मोगरा नेहमी बांधतो तसाच, पळसाच्या पानांत गुंडाळलेला, केळीच्या सोपटानं बांधलेला, अजून मिटलेल्या कळ्यांचा. समोर दिगंबर रिकाम्या टोपलीकडं बघत डोकं खाजवत उभा होता. इतकं समाधान मला स्वतःच्या लग्नातही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात चाचा परत आले. "ऑर्किड है क्या? अच्छे वाले बांध के देव."

"कुणाची ऑर्डर?"

"है एक. जल्दी में है बेचारा."

माझं मन त्या दिवशी मोठं झालेलं. जांभळी ऑर्किडं बांधली, दोन काड्या जास्तीच्या घातल्या, आपल्या दुकानाची हिरवी फीत लावली आणि वर गाठ मारली.

एसटीनं मानवतला पोचलो. बायका स्वयंपाकघरात धोंडे तळत होत्या. फ्रीजची वेळच येऊ नये म्हणून, कुणाचं लक्ष नाही बघून मी मोगऱ्याचा पुडा थेट देवघरासमोर ठेवला. तिथं आधीच एक जुडी होती. जांभळी ऑर्किडं, हिरवी फीत. आपल्या हातची गाठ माणूस कुठंही ओळखतो.

दिगंबर पाटावर येऊन बसलेला होता. त्याची नजर माझ्या पुड्यावर होती. पळसाच्या पानांवर आणि केळीच्या सोपटावर. त्याच्या शेजारच्या पाटावर मी बसलो.

सासूबाईंनी ओवाळलं, वाण दिलं, ताटं वाढली. मग भाऊकीच्या सगळ्या बायांसमोर त्यांनी ऑर्किडं उचलली.

"प्रभाकरराव, आजवर बोलले न्हाई. पर तुमचं फूल देखणं असतंय बरं का. अन् टिकतंय बी लय."

बाया "व्हय व्हय" म्हणाल्या. ज्या वाक्यासाठी मी इतकी वर्षं जीव टाकला ते असं आलं, आणि आलं ते दिगंबरनं आणलेल्या फुलांना! मी त्याच्याकडं बघितलं. त्याचे कान लाल झाले होते.

मग त्यांनी पुडा सोडला, ओंजळभर कळ्या नाकाला लावल्या आणि डोळे मिटले. "दिगंबरराव, ह्याला म्हणावं फूल. एवढ्या उन्हात कसा जगवला ओ?"

माझ्या तोंडात आख्खा धोंडा होता. तो गिळता गिळता मी हिशोब केला. मोगरा मी आणला म्हणावं, तर कुठून आणला ते सांगावं लागलं असतं. ऑर्किड आपण आणलं असं दिगंबरनं म्हणावं, तर त्याच्या पाटीचं काय झालं असतं ते त्यालाच ठाऊक.

तो ताटाकडं बघत म्हणाला, "दाजी, ऑर्किड झकास हाय तुमचं."

"मोगरा बी चांगलाय तुमचा," मी म्हणालो. आणि आम्ही दोघांनी आणखी एकेक धोंडा वाढून घेतला.

निघताना सासूबाई दारात आल्या. जावयाला रिकाम्या हातानं लावून देऊ नाही म्हणतात. मोगऱ्याचा पुडा त्यांनी माझ्या हातात दिला. "तुमच्याकडं समदं खोक्यातलं असतंय. हा न्या, मंगलला गजरा व्हईल." ऑर्किडं दिगंबरला दिली. "तुमच्या वावरात हे येत न्हाई. शोभाला शोकेसमधी ठेवायला व्हतील."

परतीच्या एसटीत मंगलनं कळ्या ओवल्या आणि गजरा माळला. दिवस मावळायला आला तशा कळ्या उमलल्या आणि सगळी गाडी वासानं भरून गेली. मागच्या सीटवरच्या बाया माना उंच करून बघायला लागल्या. कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडता फाडता थांबला.

"मावशी, मोगरा कुणाचा हाय ओ?"

"आमच्या शोभाच्या मालकाचा," मंगल म्हणाली. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "बघा. शिका जरा त्यांच्याकडून काही."