भरला म्हणण्याआधी

ऑफिसात तिला सगळे कुलूपवाली म्हणत. कम्प्युटर आणि नेटवर्क कार्ड यांच्यातला मध्यस्थ, म्हणजे ड्रायव्हर, लिहायचा हे तिचं काम. पाठवायच्या माहितीच्या एकाच रांगेत दोन प्रोग्रॅमनी एकदम हात घालू नये म्हणून ती कोडमध्ये जागोजाग कुलपं घाली. तरी नव्या प्रोसेसरवर माहितीचं हजारात एखादं पाकीट रिकामंच जाई. तपासायला म्हणून नोंद छापणारी एक ओळ घातली, की दुखणं गायब! "मग ती ओळ राहू दे की," साहेब म्हणाले. लोकांना काय, झाकलं की झालं.

घरी आई गेल्यापासून तिचा डबा वडील करत. डबा भरायचा, पिशवीत घालायचा, पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवायची आणि हाक मारायची, "भरला गं!" निवृत्त माणसाचा सगळा रुबाब त्या एका हाकेत उरला होता.

त्या दुपारी तिने डबा उघडला. लख्ख, कोरडा, रिकामा. तिला आधी हसू आलं. मग ती नुसती बघत बसली. खिडकीतलं ऊन डब्यात उतरलं होतं, कार्डावरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. त्या गुंगीत तिला हजारो चिमुकले डबे खुंट्यांवर दिसले. कुणीतरी "भरला" म्हणतंय आणि कार्ड बिचारं विश्वासाने उचलून निघतंय. कुलूप इतरांना अडवतं, कार्ड कुलपाला विचारतच नाही! आणि हा नवा प्रोसेसर घाईघाईत 'भरला'ची खूण आधी करतो, माल मागून ठेवतो. छापण्यात वेळ गेला, की तेवढ्यात माल पोचतो.

तिने मध्ये एकच ओळ घातली: आधीचं लिहून पुरं झाल्याशिवाय खूण करायची नाही. संध्याकाळपर्यंत एकही पाकीट रिकामं गेलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण तिला घरचं आठवत होतं. गेल्या आठवड्यात वडील "गॅस बंद केला" म्हणाले होते, आणि गॅस चालूच होता. डब्याचं सांगितलं, तर ते डबा करणंच सोडतील. घरी जाऊन ती काही बोलली नाही.

सकाळी हाक आली नाही. ती स्वयंपाकघरात गेली, तर वडील उघडा डबा हातात धरून उभे.

"काल भाजी कढईतच सापडली मला," ते म्हणाले. "आणि तू गप्प."

"बाबा, अहो..."

"आता रोज आधी तू बघायचं. मग मी म्हणणार."

तिने पाहिलं. पोळ्या होत्या, भाजी होती. तिने मान हलवली. त्यांनी झाकण लावलं, पिशवी खुंटीला अडकवली आणि ती समोर उभी असतानाही घरभर ऐकू जाईल अशी हाक मारली, "भरला गं!"