शांताच्या तळव्यांना चटका लागत नव्हता

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कुणी विचारलं तर "शुगरनं बायकोचा पाय गेला" एवढंच म्हणायचो. ते अर्धंच खरं.

मंगळवार पेठेत आईसाहेबांची गाडी मी चालवायचो. त्यांच्याच मागच्या खोलीत आमचं बिऱ्हाड, आम्ही दोघं, मुलगा आणि सून. नातू आजारी पडला तेव्हा त्या दर चैत्रात जोतिबाचा डोंगर अनवाणी चढायचा नवस बोलल्या. नातू बरा झाला. नवस त्यांचा, पण चालायचं माझ्या बायकोनं, शांतानं.

"आमचं तळवं नाजूक," आईसाहेब म्हणाल्या. "तुमचं म्हशीचं कातडं. व्हय का न्हाय रं?"

सगळं घर हसलं. मीही हसलो. वर म्हणालो, "व्हय जी. परवा पायात खिळा घुसला, हिला पत्त्या न्हाय."

बायकोचं कौतुक सांगावं तसं सांगितलं. शांतानं मान खाली घातली. नाही म्हटलं तर खोली जाणार, हे दोघांनाही ठाऊक.

भर दुपारी ती घाट चढली. मी आईसाहेबांना घेऊन गाडीतून तिच्या मागं. डांबर मऊ पडलेलं. ती कुठं थांबली नाही.

"बघ, देवाची किरपा," काच वर करत आईसाहेब म्हणाल्या. डोंगरावर दुकानदार तिच्या पाया पडले.

रात्री तळवे बघितले. कातडी सोलून निघाली होती.

"दुखतंय?"

"न्हाय की वो."

जखम चिघळली. डॉक्टरांनी समजावलं. साखरेनं नसा मरतात, सगळ्यांत लांबच्या आधी, पायाच्या. मग चटका बसला तरी डोक्याला निरोप जात नाही. "दुखलं असतं तर त्या थांबल्या असत्या," ते म्हणाले.

किरपा कसली! आजार होता. आणि मी तो मालकिणीला गुण म्हणून विकला.

पाय घोट्याच्या वर कापला.

पुढच्या चैत्रात आईसाहेबांनी बोलावलं. "औंदा तुझी सून चालंल."

"न्हाय चालणार. नवस तुमचा, पाय बी तुमचंच."

"खोली रिकामी कर."

"करतो."

केली. आता माझेही तळवे बधिर झालेत. चप्पल कधी निसटते, कळत नाही. पण माझ्या घरातलं कुणी दुसऱ्याच्या नवसाला पाऊल उचलणार नाही. मी मेल्यावरही नाही.

शांता शेवटपर्यंत सांगत राहिली, "मला देवानं चालीवलं." देवानं नव्हे, मी. दवाखान्यात एका संध्याकाळी आम्ही दोघंच होतो. चुकलो शांते, एवढंच म्हणायचं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं.

मी पांघरूण सारखं केलं आणि विचारलं, "च्या घेतीस?"