मावशी बघतेय

वर्षाच्या अभ्यासगटातल्या मुली एकेक करून गायब व्हायला लागल्या, तेव्हा मी इंटरनेटवाल्याकडे तक्रार नोंदवली.

वर्षा माझी धाकटी बहीण. नर्सिंगची पदवी झाली होती, परदेशात नोकरीसाठी लायसन्सची परीक्षा द्यायची होती, आणि त्या परीक्षेत ती एकदा आपटली होती. पुन्हा आपटली तर पुस्तकं माळ्यावर आणि स्थळं बघायला सुरुवात, असं बाबांनी जाहीर केलं होतं. पोरीला सगळं पाठ असायचं हो! पण 'आधी काय कराल?' असा प्रश्न आला की ती ढिम्म. मैत्रिणींशी भांडत अभ्यास केला तरच तिच्या डोक्यात बसायचं, आणि मैत्रिणी एक येवल्याला, एक मनमाडला, बाकीच्या कुठे कुठे.

तेव्हा एकमेकांना स्क्रॅप, म्हणजे छोटे निरोप, टाकायच्या साइटचं खूळ होतं. मी (घरातला एकमेव संगणकतज्ज्ञ, म्हणजे मला प्रिंटर चालू करता यायचा) तिथे या मुलींचा गट काढून दिला. मार्गदर्शक म्हणून निफाडच्या कुसुममावशीला धरलं. मावशी मेट्रन म्हणून निवृत्त झालेली. वॉर्डबॉय तिच्या चपलांच्या आवाजाने उठून उभे राहायचे. संगणकाला मात्र ती हात लावेना. म्हणून मुलींचे प्रश्न मी तिला फोनवर वाचून दाखवायचो आणि तिची उत्तरं तिच्या नावाने टाइप करायचो. माझ्या पदरचा एक शब्दही घालायचो नाही! तिच्या निरोप समारंभाचा फोटो स्कॅन केला, आजूबाजूची गर्दी कापली आणि नुसती मावशी ठेवली.

पहिले काही दिवस झकास गेले. मुली मावशीला ताई म्हणायच्या. मग येवल्याच्या संगीताने विचारलं, "ताई, तिथे तुम्हाला त्रास तर होत नाही ना?" निफाडला लोडशेडिंग चालू होतं. मावशी म्हणाली, इथे अंधार आहे, पण सवय झालीय. मी टाइप केलं. सोबत कोण आहे, असं कुणीतरी विचारलं. मावशीचे यजमान, आमचे काका, दात दाखवायला आमच्याकडे नाशिकला आले होते. मावशी म्हणाली, कुणी नाही, मी एकटीच आहे. तेही टाइप केलं. एकीने दिलेला पाठ केला नव्हता, तिला मावशीने दम भरला, "मी येईन तिकडे. मला कुणी अडवू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी निम्मा गट रिकामा! राहिलेल्या मुली काहीतरी भलतंच लिहायला लागल्या. एकीच्या खोलीत मोगऱ्याचा वास येत होता. मनमाडच्या रेखाने लिहिलं, दिवे गेले तेव्हा ताई माझ्या उशाशी उभ्या होत्या. मी मोडेमची वायर तपासली, आणि असू दे म्हणून संगणकाजवळ उदबत्ती लावली.

वर्षाने तर पुस्तक मिटलं. "दादा, मावशीच्या नावाने दुसरंच कुणीतरी लिहितंय."

"अगं, मीच लिहितो."

"मग तुला काय झालंय?"

मी पुन्हा मोडेमची वायर तपासली. परीक्षा तोंडावर आली होती आणि बाबा माळा साफ करत होते.

एका ढगाळ दुपारी मी दुकानातून परतलो तर लाइट गेलेले. बाहेरच्या खोलीत संगीता आणि रेखा, हातात हार-नारळ. वर्षा चहा टाकायला आत गेली होती. संगीताने हळूच विचारलं, "दादा, ताईंचं कधी झालं हो?"

मी म्हटलं, कसलं? त्या दोघींनी माझ्याकडे फार कणवेने पाहिलं. निफाडहून आपल्याला कळवलं नाही की काय? मग फोनवर रोज माझ्याशी बोलतंय कोण? तेवढ्यात आतल्या अंधारातून चपलांचा ओळखीचा आवाज आला. पडद्यामागून पांढरी साडी बाहेर आली आणि म्हणाली, "अभ्यास झाला का?"

मुली किंचाळल्या म्हणे. मी नाही किंचाळलो, मी सरळ आडवा झालो.

शुद्ध येताना मावशीचा आवाज ऐकू आला, "वर्षा, आधी काय?" आणि आमची ढिम्म वर्षा घडाघडा बोलत होती: आधी हाक मारायची, मग श्वास बघायचा, मग पाय उंच करायचे. बोलत होती तसं करतही होती. एकही पायरी चुकली नाही.

गट का रिकामा होतोय हे बघायला मावशी मी बाहेर असताना निफाडहून आली होती, आणि आत झोपली होती. संगीता भिंतीला चिकटूनच म्हणाली, "फोटोत गळ्यात हार, कपाळाला कुंकू, डोळे मिटलेले. माणूस काय समजंल?" फ्लॅशने मावशीचे डोळे मिटले होते, हे मला तोवर दिसलंच नव्हतं. लाइट आल्यावर मावशीने स्वतःचा फोटो निरखून पाहिला.

"बरी आलेय," ती म्हणाली. "माझ्यामागे हाच लावा."

पळालेल्या सगळ्या मुली परतल्या. वर्षा पास झाली! मला इतका आनंद झाला की ती परदेशी निघाली तेव्हा मी तिला भला मोठा हार घातला, फोटो काढला आणि त्याच दिवशी साइटवर टाकला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या, डोळ्याला पदर लावला आणि आईचा हात हातात घेऊन बसून राहिल्या. मी आत जाऊन वर्षाचा फोटो नीट पाहिला, आणि इंटरनेटवाल्याकडे पुन्हा तक्रार नोंदवली.