कौन्सिलातलं होडीचं बिल

चार वकील एके ठिकाणी बसले की किस्से आपोआप साठत जातात; आणि त्यातला एखादा कौन्सिलाचा मेंबर झाला, तर मग विचारूच नका! ठाण्याच्या कोर्टातल्या आमच्या भाऊसाहेबांना सरकारने मुंबईच्या कायदे कौन्सिलावर दोन वर्षांसाठी नेमलं, त्याला आता बराच काळ लोटला. पण कोर्ट सुटल्यावर तळ्याकाठी बैठक जमली, की अजून कुणीतरी म्हणतंच, "भाऊसाहेबांचं ते आठवतं का हो?"

मी त्यांचा ज्युनियर. दाजी म्हणजे त्यांचे शेजारी, पेन्शनर मास्तर. त्यामुळे बहुतेक किस्से आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत घडलेले आहेत. बाकीचे लोक जे सांगतात त्यात तिखटमीठ फार!

* * *

मेंबर झालेला माणूस सहसा नवी पगडी बांधून घेतो, फोटो काढून घेतो आणि बैठकीत मान हलवून घरी येतो. भाऊसाहेबांनी फोटो काढला नाही. त्यांना बिल आणायचं होतं, म्हणजे नव्या कायद्याचा मसुदा मांडायचा होता.

कारण होती हिराबाय. ही बाळकुमची भाजीवाली. तिचा नवरा काशेलीच्या खाडीत बुडाला. होडी मक्तेदाराने इतकी ठासून भरली होती, की मध्यावर एक बैल हलला आणि सगळी उलटली. आणि तिचा मुलगा रोज त्याच होडीने पलीकडच्या मिठागरावर कामाला जात होता.

बाजाराच्या दिवशी ती टोपली घेऊन भाऊसाहेबांच्या ओट्यावर टेकायची आणि एकच विचारायची, "सायब, बिल झाला का?"

"अजून नाही गं."

"बेगीन करा. माजा पोर रोज त्याच होरीन जातं."

ती गेली की भाऊसाहेब लगेच मसुदा काढून बसत. दाजी एकदा म्हणाले, "गव्हर्नरसाहेबांपेक्षा तुम्ही हिलाच जास्त घाबरता!"

"मग? गव्हर्नरसाहेब काय दर बाजाराला येतात?"

* * *

कौन्सिलाचा एक नियम असा, की प्रत्येक बिलाला 'उद्देश आणि कारणे' असं एक टिपण जोडावंच लागतं. ते नसेल तर बिलाला कुणी हात लावत नाही. भाऊसाहेबांना हा नियम इतका आवडला, की त्यांनी तो घरीही लागू केला! नवा पाट करायचा? उद्देश सांगा. लोणच्याला आणखी कैऱ्या हव्यात? कारणे सांगा.

एकदा काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, कल्याणला माहेरी जायचं होतं. भाऊसाहेब झोपाळ्यावरून म्हणाले, "उद्देश आणि कारणे?"

काकू ट्रंकेला कुलूप लावता लावता म्हणाल्या, "उद्देश, चार दिवस शांतता. कारणे, तुम्ही!"

भाऊसाहेबांनी ताबडतोब मंजुरी दिली. स्टेशनापर्यंत ट्रंकही स्वतः पोचवली.

* * *

बिल मांडायच्या आधी ते सेक्रेटरीसाहेबांच्या नजरेखालून जायला हवं. तिथून ते परत यायचं. कधी कागदाच्या कडेचा समास अपुरा, कधी मथळा लांब, कधी 'होडी' शब्दाची व्याख्या नाही म्हणून. भाऊसाहेब व्याख्या लिहायचे. मग साहेब विचारणार, शिडाचा मोठा मचवा यात धरला की नाही? दर वेळी सगळा मसुदा ते स्वतःच्या हाताने पुन्हा लिहून काढत. मी म्हटलं, "कारकुनाला द्या ना." तर म्हणाले, "लिहिताना मलाच चुका सापडतात."

शेवटी सेक्रेटरीसाहेबच वैतागले. "वकीलसाहेब, तुम्हाला कंटाळा कसा येत नाही?"

भाऊसाहेब अदबीने म्हणाले, "साहेब, मी ठाण्याला दिवाणी दावे चालवतो."

बिल त्या खेपेला पुढे गेलं!

* * *

लोकांचं मत घ्यावं म्हणून आम्ही कल्याणला देवळात सभा घेतली. दाजींनी बिलाचं मराठी भाषांतर केलं होतं. अगदी शब्दाला शब्द! पहिलं कलम वाचायला लागले, तर 'सदरहू' आणि 'उपरोक्त' यांच्या रांगेत क्रियापद कुठे येईना. पुढच्या ओळीतले एक म्हातारे गृहस्थ उठले.

"अहो, कुठे निघालात?"

"पान खाऊन येतो. वाक्य संपलं की हाक मारा!"

सभा खदखदून हसली. दाजी इतके रागावले, की भाषांतराची घडी घालून त्यांनी खिशात टाकली. मग भाऊसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "मंडळी, होडीच्या अंगावर पांढरी रेघ मारायची. रेघ पाण्यात गेली, की पुढे कुणी चढायचं नाही. मग तो कुणीही असो. एवढंच बिल आहे."

ते बोलणं परतीच्या गाडीआधी ठाण्याला पोचलं म्हणतात. दाजी मात्र अजून सांगतात, भाषांतर बिनचूक होतं म्हणून.

* * *

प्रत्यक्ष बिल मांडलं त्या दिवशी मी मुंबईला प्रेक्षकांत होतो. भाऊसाहेबांना कोर्टातली एक खोड होती. समोरच्याची बाजू ते आधी स्वतःच मांडायचे, आणि तीही त्याच्यापेक्षा चांगली. इथेही तेच! मक्तेदाराचं नुकसान, पोलिसांवर ताण, गरिबाचा खोळंबा, एकेक आक्षेप त्यांनी अगदी रंगवून मांडला. म्हटलं, हा माणूस स्वतःचंच बिल पाडणार! मग त्याच क्रमाने त्यांनी एकेकाला उत्तर दिलं, आणि शेवटी फक्त हिराबायची हकीकत सांगितली.

विरोध करायला एक गोरे मेंबर तयार होऊन आले होते. ते उठले, हातातले कागद पाहिले आणि म्हणाले, "माझं भाषण सन्माननीय मेंबरांनी करून टाकलं आहे. उत्तरासकट." आणि बसले!

अभिमानाने माझा ऊर भरून आला होता. अजून भरून येतो.

* * *

पण बिल कमिटीकडे गेलं, आणि कमिटी बसण्याआधीच भाऊसाहेबांची मुदत संपली. दुसऱ्या कुणी ते हाती घेतलं नाही. संपलं!

भाऊसाहेब खचले. हिराबायला सांगायचं कसं? पुढच्या बाजाराला त्यांनी आतून निरोप पाठवला, घरी नाहीत. एवढा खरा माणूस, पण तोंड दाखवण्याचा धीर होईना. पुढे भिवंडीला एक खटला निघाला. खाडी ओलांडणं आलंच. "जाता जाता बाळकुमला तिला सांगून टाकतो," म्हणाले. मी आणि दाजी बरोबर होतो.

धक्क्यावर पोचलो तर होडी सुटायच्या बेतात, आणि हिराबाय काठाशीच उभी. भाऊसाहेब तिच्याशी बोलणार, तेवढ्यात नावाड्याने घाई केली, म्हणून ते आधी चढले. होडी जराशी खाली गेली.

"सायब, उतरा," हिराबाय म्हणाली.

"का गं?"

तिने होडीच्या अंगाकडे बोट दाखवलं. गावकऱ्यांनी आपणच मारलेली पांढरी रेघ तिथे पाण्याखाली गेली होती. "रेग बुरली. दुसऱ्या खेपंला जा."

होडीत मक्तेदाराचा माणूस होता, तो खाली मान घालून बसला होता. बाकीचे उतारू भाऊसाहेबांकडे बघत होते, उतरतो की नाही म्हणून. भाऊसाहेबांनी जोडे हातात घेतले आणि घोटाभर चिखलात उतरले. होडी वर आली, सुटली.

दाजी त्यांच्या कानाशी लागले, "अहो, कायदा झालेलाच नाही! तुम्हाला उतरवायचा हिला काय अधिकार?"

भाऊसाहेब होडीकडे बघत म्हणाले, "ते तिला तुम्ही सांगा."